अकरा फेऱ्या

तीन सर्व्हर. लिलावातले.
किलोच्या भावानं घेतले म्हटलं तरी चालेल.
खाण बंद पडली तेव्हा ऑफिसातल्या खुर्च्या आधी गेल्या,
मग एसी, मग वजनकाट्याचं पत्र्याचं छप्पर,
आणि सगळ्यात शेवटी हे, ज्यांना कोणी विचारत नव्हतं.
कुडचड्याच्या आमच्या पतसंस्थेनं विचारलं.

वरच्या मजल्यावर, जुन्या लेजरांची कपाटं हलवून
मी आणि कायतानने रॅक उभा केला.
झाकण काढलं, तर पंख्याच्या पात्यांवर लाल धूळ,
मॅंगनीजची का लोखंडाची, कुणास ठाऊक.
ब्लोअर मारला आणि खोलीचा सावर्ड्याचा रस्ता झाला.
कायतान खोकत म्हणाला,
"बाय, हें मशीन न्हय, हो टिप्पर."

मी त्याला समजावत होते:
या प्रत्येकाच्या पोटात आता चार-चार मशिनं राहतील,
अंग नसलेली.
एक ठेवींचं, एक कर्जांचं, एक पिग्मी गोळा करणाऱ्यांचं,
एक रिकामं, अडीअडचणीला.
आणि प्रत्येकाला वाटेल, घरात आपण एकटेच.
"म्हणजे मडगावचे फ्लॅट," कायतान.
हो. पण इथलं बांधकाम दुपारपर्यंत पुरं होतं,
आणि आख्खा फ्लॅट माणसांसकट
दुसऱ्या बिल्डिंगीत नेता येतो,
गॅसवरचं दूध उतू न जाता.

"मग तीन कशाला? दोन पुरे."
दोघांचं बिनसलं की खरं कोण, ते ठरत नाही.
तिसरा मताला लागतो.
त्याची रॅम कमी, तसा तो मंदच,
पण हात वर करतो वेळेला.
आमच्या संचालक मंडळातही असे एक आहेत.

डिस्का पुसायच्या होत्या. पुसण्याआधी उघडून पाहिल्या,
पाहायला नको होत्या.
ट्रकांच्या फेऱ्या, वर्षावर्षांच्या.
तारीख, नंबर, टन, धक्क्यावर पोचल्याची वेळ.
शोधलं तर आमच्या ट्रकाचा नंबर निघाला,
बाबांनी पुढच्या काचेवर निळ्या रंगात लिहून घेतलेला तो.
बाबा सांगायचे, दिवसाला अकरा फेऱ्या.
लग्नांत सांगायचे, बारशांत सांगायचे,
ट्रक विकला त्या दिवशी घेणाऱ्यालाही सांगितलं.
यादीत सात.
एका शनिवारी आठ. बाकी सात, सहा,
एकदा पंक्चर असावं, तीन.

पडद्यानं विचारलं: सगळं कायमचं जाईल, पुढे जायचं?
मी होय दाबलं.
रात्रभर डिस्कांवरून शून्यं फिरत राहिली.

तिसऱ्या दिवशी चाचणी.
कर्जांचं मशीन चालू असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर नेलं,
बार्जवरून जहाजावर माल चढवावा तसं,
फक्त मजुरांच्या आरोळ्या नाहीत.
एक पिंग हुकलं. बस्स, एक.
मग कायतानला म्हटलं, आता दुसऱ्याची वायर ओढ.
त्यानं आधी कपाळावर क्रूस काढला.
ओढली.
दोन मिनिटं कोणी बोललं नाही.
पहिल्यानं आणि मंदानं मिळून ठरवलं, तो गेला,
आणि त्याची मशिनं आपल्याकडे उठवली.
खाली काउंटरवर सुलक्षा एवढंच म्हणाली, नेट आज सुस्त आहे वाटतं,
आणि काकोड्याच्या म्हातारीला पाचशेच्या चार नोटा मोजून दिल्या.

एवढ्यासाठीच केलं सगळं.
कोणाला कळलं नाही म्हणजे जमलं.

रात्री जेवताना बाबांनी माझी नखं पाहिली.
"खाणीवर गेलेलीस?"
नाही, ऑफिसातच होते.
त्यांनी माझं बोट धरून उजेडात फिरवलं,
रंग ओळखल्यासारखं.
मग म्हणाले, "अकरा फेऱ्या व्हायच्या, खोटं वाटेल तुला."
नाही, म्हटलं, खोटं कशाला वाटेल,
आणि त्यांच्या भातावर हुमण वाढलं.